मचाणावरून व्हाइटटेल: धनुष्याच्या पहिल्या हंगामाची तयारी

विस्कॉन्सिनच्या नैऋत्येला, मिसिसिपी नदीच्या अंगाने, डोंगरसोंडा आणि घळींचा एक पट्टा आहे. हिमयुगातला बर्फ या भागावर चढलाच नाही, म्हणून भोवतालचा मुलूख सपाट असला तरी इथे मावळासारखे चढउतार आहेत. सोंडेच्या माथ्यावर मका आणि सोयाबीन, उतारावर ओकचं रान, तळाला ओढा. या भागाला ‘ड्रिफ्टलेस’ म्हणतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे, म्हणजे व्हाइटटेलचे, थोराड नर इथे वाढतात. मी इथेच शिकलो. मॅडिसन, मिलवॉकी, शिकागोकडची मराठी मंडळी हल्ली विचारतात की धनुष्याने शिकार करायची तर सुरुवात कशी करायची. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. इथली परिस्थिती वेगळी आहे. दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये हरणांची संख्या आवरणारे मोठे शिकारी प्राणी जवळपास उरले नाहीत. किती हरणं मारायची हे राज्य दर वर्षी ठरवतं, आणि परवान्याचा पैसा वन्यजीवांच्याच कामी येतो. धनुष्याचा वेगळा हंगाम याच राज्याने १९३४ मध्ये सौक आणि कोलंबिया या दोन काउंट्यांत सुरू केला.

आधी कागद

१ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला विस्कॉन्सिनमध्ये हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय परवाना मिळत नाही. अनुभवी माणसाच्या हाताच्या अंतरावर बसून शिकण्याची सवलत आहे, पण कोर्स कराच. मला त्यातून कायद्यापेक्षा जास्त उपयोग झाला तो कुठल्या कोनातून बाण सोडायचा नाही हे कळण्याचा. व्हिसावर असलेले पुष्कळ जण बंदुकीच्या नियमांना बिचकतात. फेडरल कायद्यात धनुष्य बंदुकीत मोडत नाही, त्यामुळे ती अडचण इथे येत नाही.

धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो आणि जानेवारीच्या सुरुवातीला संपतो. त्या परवान्यावर वर्षाला एकच शिंगवाला नर मारता येतो. पहाटे किती वाजल्यापासून संध्याकाळी किती वाजेपर्यंत बाण सोडता येतो याचा तारखेनुसार तक्ता नियमपुस्तिकेत असतो. तो छापून खिशात ठेवा. मधेच बंदुकीचा हंगाम येतो, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवसांचा. त्या दिवसांत धनुष्यवाल्यानेही भडक केशरी किंवा गुलाबी कपडे घालायचे असतात.

जमीन खासगी असेल तर शेतकऱ्याच्या दारात जाऊन विचारा, तेही उन्हाळ्यात. हंगामाच्या तोंडावर गेलात तर उशीर झालेला असतो. मला परवानगी देणाऱ्या आजोबांनी पहिल्या वर्षी एवढंच सांगितलं होतं, “फाटक उघडं असेल तर उघडं ठेव, बंद असेल तर बंद कर.” सरकारी जमिनीवर कुणालाही बसता येतं, पण राज्याच्या दक्षिण भागात तिथे मचाण रोज उतरवावं लागतं आणि झाडात स्क्रू ठोकायला बंदी आहे.

धनुष्य आणि हात

बहुतेक नवशिके कंपाउंड धनुष्य घेतात. त्याच्या चाकांमुळे दोरी पूर्ण मागे आली की ओढ ऐंशी टक्क्यांच्या आसपास हलकी होते, म्हणून ताणलेल्या अवस्थेत थांबता येतं. विस्कॉन्सिनमध्ये ओढीची किमान मर्यादा ३० पौंड आहे, ओहायोत ४०. उगाच ७० पौंडांच्या मागे लागू नका. थंडीत तीन तास न हलता बसल्यावर, हात समोर धरून, धनुष्य आभाळाकडे न झुलवता जेवढी ओढ सरळ मागे येते तेवढीच तुमची. सुरुवातीला ५० पौंड भरपूर झाले. दोरी किती मागे यायची हे अंतर दुकानात मोजून घ्या. ते चुकलं तर सरावाने भरून निघत नाही.

बाणाचं पातं वस्तऱ्यासारखं धारदार हवं. उघडझाप करणारी पाती असतात आणि एकसंध पाती असतात. कमी ओढीच्या धनुष्याला मी एकसंधच सुचवेन, कारण आत शिरताना ते उघडण्यात जोर खर्च करत नाही.

सराव जूनपासून करा. सपाट मैदानात उभं राहून शंभर बाण मारण्यापेक्षा घराच्या डेकवरून किंवा एखाद्या उंच जागेवरून, शिकारीचे जाड कपडे घालून, बसून दहा मारा. वरून खाली नेम धरताना फक्त हात खाली नेला की बाण भलतीकडे जातो. कंबरेतून वाका, खांदे आणि हात यांचा काटकोन मोडू देऊ नका. आणि रोजचा पहिला बाण वहीत लिहून ठेवा. शिकारीत तो एकच मिळतो. हा पहिला बाण जितक्या अंतरावरून दर वेळी जेवणाच्या ताटलीएवढ्या गोलात बसतो तेवढी तुमची मर्यादा. माझी २५ यार्ड आहे, इतक्या वर्षांनंतरही.

जागा हेरणं

व्हाइटटेल सांबर-चितळासारखं दर वर्षी शिंगं गाळणारं हरीण आहे. एप्रिलपासून नवी शिंगं मखमलीसारख्या मऊ कातडीत वाढतात, सप्टेंबरच्या सुरुवातीला मखमल झडते आणि नर झाडांच्या सालीवर शिंगं घासू लागतो. मनगटाएवढ्या किंवा त्याहून जाड झाडावर गुडघ्यापासून मांडीपर्यंत साल सोललेली दिसली की तिथे बऱ्यापैकी नर आहे असं समजा. बारीक झाडं सगळेच घासतात, जाड झाड बहुधा मोठाच निवडतो. ऑक्टोबरात जमीन खुरांनी उकरलेल्या जागा दिसतात, आणि त्यांच्या बरोबर वर एक लोंबती फांदी असते. ती फांदी नर चाटतो, तिला डोळ्यांजवळच्या ग्रंथी घासतो. खालच्या उकरलेल्या मातीपेक्षा ती फांदी महत्त्वाची.

यातल्या बऱ्याच खुणा रात्रीच्या असतात हे लक्षात ठेवा. शेताच्या कडेला उकरलेली माती पाहून तिथेच मचाण बांधायचा मोह होतो, आणि मग सबंध हंगाम तिथे माद्या नि पाडसं मोजण्यात जातो. मोठा नर उजेडात कुठे असतो हे शोधायचं तर तो दिवसा बसतो कुठे ते आधी बघा. आमच्याकडच्या डोंगरांत तो सोंडेच्या टोकाजवळ, माथ्यापासून उताराच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला बसतो. माथ्यावरून येणारा वारा पाठीमागचा वास आणून देतो, खालून चढणारी गरम हवा दरीतला वास आणते, आणि समोरचं सगळं डोळ्यांनी दिसतं. त्या बैठकीपासून ओकच्या फळांपर्यंत किंवा मक्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवर, बैठकीच्या शक्य तितक्या जवळ पण त्याला कळणार नाही इतक्या लांब, तुमचं झाड. ते अंतर पुस्तकातून कळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये, हंगाम संपल्यावर आणि पालवी फुटण्याआधी, रान पालथं घाला. तेव्हा त्याला उठवलंत तरी नुकसान नाही आणि मागच्या वर्षीच्या वाटा उघड्या दिसतात.

वारा

माझ्या मते नवशिक्याने सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. हरणाने तुम्हाला पाहिलं तर ते पाय आपटतं, मान वरखाली करतं, कधीकधी पुन्हा चरायला लागतं. आवाज ऐकला तर थांबून कानोसा घेतं. वास आला तर मात्र सगळं संपलं. थोराड नर तर शीळसुद्धा घालत नाही. तो वळतो आणि जातो, आणि तो आला होता हे तुम्हाला कळतही नाही.

फोनवरचा वारा हा त्या परगण्याचा वारा असतो, तुमच्या झाडाचा नव्हे. डोंगराळ भागात त्यावर हवेची दुसरी चाल असते. सकाळी ऊन लागलं की उतारावरची हवा तापून वर चढते. सूर्य कलला की तीच हवा थंड होऊन घळीतून पाण्यासारखी खाली वाहते. तिसऱ्या हंगामात मी एका संध्याकाळी ओढ्याच्या वर, उतारावर बसलो होतो. फोनप्रमाणे वारा दरीकडून माझ्याकडे. साडेचारपर्यंत तो तसाच होता. मग सावली पडली, पानं थांबली, आणि वाऱ्याची दिशा बघायला मी खिशातल्या बाटलीतली पूड उडवली तर ती सरळ खाली ओढ्याकडे निघाली. पाचच मिनिटांत ओढ्याच्या काठाने एक नर आला. मानेचा घेर खोडाएवढा. माझ्यापासून चाळीस पावलांवर त्याने नाक वर केलं आणि तो परत फिरला. त्या जागी मी पुन्हा कधी संध्याकाळी बसलो नाही, फक्त सकाळी बसतो.

म्हणून पुडीची बाटली पहिल्या दिवसापासून जवळ ठेवा आणि प्रत्येक झाडासाठी वहीत लिहा: कुठल्या वाऱ्याला, सकाळी की संध्याकाळी. वारा चुकीचा असेल तर घरी राहा. सुट्टी टाकली आहे, दोन तास गाडी चालवली आहे, तरीही बसू नका. दुसऱ्या झाडाकडे जा, नाहीतर लांबून दुर्बिणीने शेत बघत बसा. जाण्यायेण्याच्या वाटेलाही हाच नियम. पहाटे अंधारात मक्याच्या शेतातून गेलात तर तिथे चरणारी सगळी हरणं उधळणार. ओढ्याच्या पाण्यातून चालत जाणं हा माझा आवडता मार्ग आहे.

आपल्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट सांगतो. फोडणीचा वास कपड्यांत मुरतो, उदबत्तीचाही. शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणाने धुऊन झाकणाच्या डब्यात गॅरेजमध्ये ठेवा आणि रानात पोचल्यावर घाला. पण कुठल्याही फवाऱ्याने माणसाचा वास जातो यावर विश्वास ठेवू नका. कपड्यांवर फवारायचंच तर गोचिडींसाठीचं परमेथ्रिन फवारा, आदल्या दिवशी, म्हणजे ते वाळेल. ते अंगाला लावायचं नसतं. लाइम आजार पसरवणाऱ्या गोचिडी इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरातही असतात.

झाडावर चढणं

मचाणाचे प्रकार चार: शिडीचं, पट्ट्याने खोडाला टांगायचं, स्वतःबरोबर वर सरकवत न्यायचं, आणि सॅडल, ज्यात आसन नसून पट्ट्यात बसून खोडाला लटकायचं असतं. पहिल्या वर्षी शिडीचं घ्या. ते जड असतं, हलवायला दोन माणसं लागतात, पण चढता-उतरताना सगळ्यात सोपं.

बंदुकीच्या किंवा बाणाच्या अपघातांपेक्षा मचाणावरून पडून जास्त लोक जायबंदी होतात. पडतात ते बहुतेक चढताना, उतरताना आणि मचाणावर पाय ठेवताना. म्हणून पूर्ण अंगाचा हार्नेस जमिनीवरच घाला, आणि झाडाच्या वरच्या टोकापासून बुंध्यापर्यंत सोडलेल्या जीवनदोरीला, तिच्यावर सरकणाऱ्या प्रुसिक गाठीत, जमिनीवर असतानाच स्वतःला अडकवा. परत जमिनीवर पाय टेकेपर्यंत ते काढायचं नाही. मचाण बांधताना दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून खोडाभोवतीचा लाइनमन पट्टा वापरा. पडून लटकलात तर मांडीच्या पट्ट्यांनी रक्त अडतं आणि थोड्याच वेळात जिवावर बेततं. पाय टेकायची छोटी दोरी हार्नेसला असते, ती कशी सोडायची हे घरी, जमिनीपासून फूटभर उंचीवर, एकदा करून बघा. पट्टे दर वर्षी तपासा, खारी ते कुरतडतात. धनुष्य पाठीला लावून चढू नका. वर पोचल्यावर दोरीने ओढून घ्या, बाण झाकलेल्या भात्यात ठेवून. आणि कुठल्या झाडावर आहात हे घरी कळवून जा.

उंची १६ ते १८ फूट पुरे. जास्त वर गेलात तर कोन इतका तीव्र होतो की दोन्ही फुप्फुसं एका रेषेत मिळत नाहीत. उंचीपेक्षा पाठीमागे फांद्यांची दाटी महत्त्वाची, आकाशाच्या पार्श्वभूमीवर तुमची आकृती उठता कामा नये.

कधी बसायचं

सुट्टी मोजकी असेल तर ती नोव्हेंबरच्या पहिल्या दहा-बारा दिवसांसाठी राखून ठेवा. दिवस लहान होत जातो त्यावर माजाचा काळ ठरतो, म्हणून तो दर वर्षी जवळपास त्याच तारखांना येतो. एरवी रात्रीच फिरणारा नर तेव्हा भर दुपारी माद्यांच्या शोधात सोंडेच्या आडोशाने हिंडतो. त्या दिवसांत सकाळी बसून अकराला उतरू नका, दिवसभर बसा. दिवाळी बऱ्याचदा याच पंधरवड्यात येते, तेव्हा घरी आधीच बोलून ठेवा. फराळ बरोबर न्यायचा तर बेसनाचा लाडू. चकली शांत रानात फार लांबवर ऐकू जाते.

माज सुरू व्हायच्या आधी चांगल्या झाडावर पुन्हापुन्हा बसून ते वाया घालवू नका. नव्या मचाणावरची पहिली बैठक सगळ्यात मोलाची असते.

थोराड कोणता

शिंगांवरून वय ठरवू नका, अंगावरून ठरवा. दीड वर्षाचा नर म्हणजे शिंगं लावलेली मादीच, सडपातळ आणि लांब पायांची. साडेतीनला छाती भरते, पण पोट आणि पाठ अजून घट्ट असतात. साडेचार आणि पुढे मान थेट छातीत मिसळते, पोटाची रेषा खाली येते, पाय आखूड वाटतात. मागच्या पायांच्या आतल्या बाजूला, सांध्याजवळ, ग्रंथीचा डाग माजात काळाकुट्ट होऊन खाली ओघळलेला दिसतो.

तरीही पहिल्या वर्षी मादीच्या परवान्यावर मादी मारा, आणि मन घट्ट करून तरुण नर जाऊ द्या. हरीण समोर असताना हात किती थरथरतो, हे थोराड नर समोर येण्याआधी कळलेलं बरं.

बाण सोडण्याचा क्षण

तो पूर्ण आडवा उभा असावा, किंवा किंचित तुमच्यापासून पलीकडे वळलेला. दुसऱ्या स्थितीत नेम पलीकडच्या पुढच्या पायाच्या रेषेत धरायचा. समोरून, तुमच्याकडे वळलेला, किंवा अगदी पायाखाली असेल तर थांबा. दोरी त्याचं डोकं झाडाआड गेल्यावर ओढा. बाण कुठून बाहेर पडेल याचा विचार आधी करा आणि मग कुठे शिरेल ते ठरवा.

सावध हरणावर बाण सोडू नका. सेकंदाला २७० फूट जाणाऱ्या बाणाला ३० यार्ड कापायला एकतृतीयांश सेकंद लागतो. दोरीचा आवाज त्याच्या पाव सेकंद आधी पोचतो, आणि उडी घेण्यासाठी हरीण आधी खाली दबतं. मी हे एका मादीवर शिकलो. तिने मान वर केली होती, कान माझ्याकडे होते, अंतर ३२ यार्ड. मी सोडला. ती दबून वळली आणि बाण पोटात गेला. रात्रभर थांबून सकाळी दोरीने बांधलेला माग काढणारा कुत्रा बोलावला. ती मिळाली, पण कोयोटींनी आधीच अर्धी खाल्ली होती. तिला त्या रात्री काय सोसावं लागलं असेल हे माझ्या मनातून जात नाही. तेव्हापासून २५ यार्डांची मर्यादा मी मोडलेली नाही.

माग

बाण सुटला की हरीण शेवटचं कुठे दिसलं ते झाड डोळ्यांनी पक्कं करा, घड्याळ बघा आणि जागेवर बसून राहा. किमान अर्धा तास. मग आवाज न करता उतरून बाण शोधा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. असं हरीण बहुधा शंभर यार्डांच्या आत मिळतं. गडद, काळपट लाल म्हणजे यकृत. चार ते सहा तास थांबा. हिरवट-तपकिरी घाण आणि वास म्हणजे पोट, मग आठ ते बारा तास. घाईने मागे लागलात तर आडवं झालेलं हरीण उठून मैलभर जातं. रक्ताच्या प्रत्येक थेंबाजवळ टॉयलेट पेपरचा तुकडा ठेवत जा. मागे वळून पाहिलं की दिशा दिसते. माग तुटला तर पट्ट्यातल्या कुत्र्याची मदत घ्यायला लाजू नका, विस्कॉन्सिनमध्ये ती कायदेशीर आहे.

मांस

हरीण मिळाल्यावर आतडी लगेच काढा, पोट फुटू न देता, आणि मांस ४० अंश फॅरनहाइटच्या खाली आणा. सप्टेंबरच्या उबदार संध्याकाळी हे काम तासाभरात व्हायला हवं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फोनवर किंवा ऑनलाइन नोंदणी करावी लागते. चरबी सगळी काढून टाका, तिला उग्र चव असते. कण्यालगतच्या दोन लांब पट्ट्या तव्यावर नुसत्या मीठ-मिरीवर भाजा, बाकीचा खिमा करा. रस्सा करायचा तर मटणापेक्षा तेल थोडं जास्त घाला आणि मंद आचेवर ठेवा, या मांसात स्वतःची चरबी नसतेच.

खाण्याआधी मात्र तपासणी. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा आजार विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली मॅडिसनजवळच्या माउंट होरेब भागात पहिल्यांदा सापडला, आणि आमचा हा सगळा पट्टा आता त्यात येतो. तो प्रिऑनमुळे, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे, होतो. शिजवून तो नष्ट होत नाही. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नये असाच आरोग्य खात्यांचा सल्ला आहे. आजार सापडलेल्या काउंट्यांत चारा टाकून हरणं बोलवायला बंदी असते आणि शव बाहेर नेण्यावरही निर्बंध असतात. हरणाचं डोकं नमुना केंद्रावर द्या, मिळालेला क्रमांक मांसाच्या प्रत्येक पुडीवर लिहा, दोन हरणांचं मांस एकत्र करू नका, आणि अहवाल येईपर्यंत सगळं फ्रीझरमध्ये राहू द्या.